दिवा तेवढा राहिलाय

१

घेरासिमसाठी काही घेणं ही इलिंकाची प्रत्येक प्रवासाच्या शेवटची डोकेदुखी होती. काम उरकलेलं असायचं, पाय भरून आलेले असायचे, परतीच्या बसला तास-दोन तास उरलेले असायचे, आणि नेमकं तेव्हा आठवायचं, बाबांसाठी अजून काही घेतलेलं नाही.

या माणसाला आवडेल असं जगात काही नव्हतंच. दारू त्यानं सोडली होती, तंबाखू कधी धरलीच नव्हती, गोड चालत नव्हतं, वाचायचा कंटाळा. चाळीस वर्षं कोळशाच्या उघड्या खाणीत माल वाहणाऱ्या पट्ट्यांवर काम करून तो घरी बसला होता, आणि बायको गेल्यापासून तर एक ताट, एक चमचा आणि एक खाट यापलीकडे त्याची गरज सरकत नव्हती. काय आणू म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं. "मला काय करायचंय? तू नीट घरी ये, झालं."

तरी ती आणायची. पोर्तुगालमध्ये शिकायला गेली तेव्हा पहिल्या सुट्टीत तिनं मातीचा जाड निळा मग आणला होता. घरी आल्यावर लक्षात आलं की त्याच्या काठाचा टवका उडालाय आणि तळही वाकडा आहे. टेबलावर ठेवला की एकदा टेकायचा आणि डुलून पुन्हा टेकायचा. टक-टक. इलिंकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घेरासिमनं तो चार-पाच वेळा उचलून ठेवला, कान देऊन ऐकला आणि म्हणाला, "बोलतोय की." त्याच्याकडून मिळालेलं सगळ्यात मोठं कौतुक तेवढंच. पुढं टोपी आली, हवामान सांगणारं पितळी घड्याळ आलं, दाढीचा ब्रश आला, लोकरीचे मोजे आले. प्रत्येक वस्तू काही महिने कपाटावर दिसायची आणि मग दिसेनाशी व्हायची. ट्रंकेत जात असेल, असं ती धरून चालली होती.

सात वर्षांनी ती परत आली. ओल्तेनिया प्रांतातल्या त्यांच्या गावातून माणसं फक्त बाहेर जायची, परत कुणी यायचं नाही, त्यामुळे लोकांनी तिला वेड्यात काढलं. चार खोल्यांची शाळा आणि एकवीस मुलं तिनं अंगावर घेतली. ज्या गावाला स्वतःची पुस्तकं नाहीत त्या गावातली मुलं दुसऱ्यांच्या गोष्टीतच राहायला जातात, असं ती तावातावानं सांगायची. घेरासिम ऐकून घ्यायचा आणि तिच्या ताटात आणखी एक डाव वाढायचा.

२

ऑक्टोबरच्या शेवटी, सिबियू शहराला निघायच्या आदल्या दिवशी, ती शेजारच्या स्तांका मावशीकडे शाळेची किल्ली द्यायला गेली. मावशी चहा पीत होती. बोलता बोलता तिनं मग खाली ठेवला.

टक-टक.

इलिंकानं वळून पाहिलं. निळा मग. काठावरचा तोच टवका.

"हा आमचा आहे," ती म्हणाली.

"होता," मावशी म्हणाली. "घेरासिमनं दिला मला. उन्हाळ्यातल्या मृतांच्या शनिवारी. मेणबत्ती लावून, रीतसर."

मृतांचे शनिवार वर्षातून काही वेळा येतात. गेलेल्या माणसाच्या नावानं ताट, पेला, कपडे, जे काही असेल ते एखाद्या जिवंत माणसाच्या हातात द्यायचं. घेणाऱ्यानं म्हणायचं, "देव क्षमा करो." ते शब्द उमटले की वस्तू तिकडे पोचली. हे इलिंकाला लहानपणापासून ठाऊक होतं. आईच्या नावानं तिनंही ताटं वाटली होती.

"आईच्या नावानं दिला?"

"छे. स्वतःच्या." मावशी हसली. "असं काय बघतेस मास्तरीणबाई? जिवंतपणी देऊन ठेवतात की माणसं. तिकडे गेल्यावर रिकाम्या घरात बसायचं का? टोपी दुमित्रूला दिली, मोजे पाद्र्याला. ते हवामानाचं घड्याळ तर स्टेशनातल्या माणसाला देऊन आला. तू आणलेलं एकूण एक तिकडे लागलंय."

इलिंकाला आधी राग आला, मग लक्षात आलं. म्हणजे तो वस्तू टाकत नव्हता. तो त्या पुढं पाठवत होता.

"आता दिवा तेवढा राहिलाय," मावशी मग विसळत म्हणाली. "मेणबत्ती काय, ती वाटेपुरती. घरात टांगायला दिवा लागतो. आणि दिव्याचं असं आहे, तो कुणीही देऊ दे, पण 'देव क्षमा करो' म्हणायला पोटचं लेकरू लागतं. तू म्हणायची नाहीस, हे त्याला माहीत आहे. म्हणून मागत नाही."

"नाहीच म्हणणार," इलिंका म्हणाली.

"नकोच म्हणू. दिवा लागला की माणूस निघतो. आहे तो बसलेला, बसू दे."

३

सिबियूचे तीन दिवस कागदांत गेले. शाळेच्या ग्रंथालयासाठी अर्ज केला होता. शिक्षण कचेरीतल्या साहेबांनी तो कौतुकानं चाळला, इतकी शिकलेली मुलगी खेड्यात राहते म्हणून मान हलवली, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. गेल्या वर्षीही त्यांनी हेच म्हटलं होतं. बसमध्ये बसल्यावर तिला जाणवलं की आपल्याला राग आलेला नाही. राग यायलाही थोडी ताकद लागते.

परतीच्या वाटेवर एका छोट्या गावात बस बदलायची होती. दुसरी बस साडेतीनला होती. शनिवार होता, शरदातला मृतांचा शनिवार. चर्चसमोर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पाव, उकडलेले गहू, पेले देत होत्या. एकीनं इलिंकाच्या हातात मेणबत्ती खोवलेला पाव ठेवला. "माझ्या भावाच्या नावानं."

"देव क्षमा करो," इलिंका म्हणाली. पुढं आणखी एकीनं पेला दिला. पुन्हा तेच. ते शब्द उच्चारायला विचार करावा लागत नाही. कुणी शिंकलं की तोंडातून जे निघतं, तसेच ते निघतात. कुणाचं मन कशाला मोडा?

अडीच वाजले होते आणि बाबांसाठी काही घेतलं नव्हतं.

यावेळी मात्र तिला नेमकं काय हवंय ते ठाऊक होतं. तो देऊन टाकणार नाही अशी वस्तू. इथं वापरायची, इथं झिजवायची. तिनं बाजारपेठेतून एक फेरी मारली. फ्रिजला चिकटवायच्या चकत्या, लाकडी चमचे, मातीच्या शिट्ट्या, मेंढीच्या कातड्याची बंडी. चमचा त्याच्याकडे होता. शिट्टी वाजवून तो कुणाला बोलावणार होता? बंडी तिनं हातात घेतली आणि तिच्या डोळ्यांसमोर ती पाद्र्याच्या अंगावर दिसली. ठेवून दिली.

पेठेच्या टोकाला एक दुकान होतं. बाहेर पाटी नव्हती. खिडकीत तीन-चार शिट्ट्या आणि एक रंगवलेलं ताट. दार अर्धवट उघडं होतं. ती पुढं निघून गेली असती, पण आतून कुणीतरी काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

टक-टक.

४

आत एक बाई होती. साठीची असेल, डोक्याला काळा रुमाल. टेबलावर तिच्यासमोर काहीच नव्हतं.

"बघा, बघा," ती म्हणाली. "कुणासाठी हवंय?"

"वडिलांसाठी."

"अवघड असतं," बाई म्हणाली. "त्यांना काही नकोच असतं." असं हसली की जणू दोघींचं दुखणं एकच. "पुढच्या खोलीत नाही मिळायचं. आत बघा."

आतल्या दारावर पडदा होता. इलिंकानं तो बाजूला सारला. तिला वाटलं होतं, माल ठेवायची खोली असेल. ती राहायची खोली होती. एक खाट, नीट अंथरलेली. एक टेबल, त्याच्याशेजारी खुर्ची. खुर्ची टेबलाकडे तोंड करून नव्हती. दाराकडे किंचित वळवून ठेवली होती, आल्या आल्या बसून बूट काढता यावेत अशी. बाबा ठेवायचे तशी.

पुष्कळ माणसं ठेवतात, तिनं स्वतःला सांगितलं.

टेबलावर निळा मग होता. असे मग हजारांनी विकले जातात, कोणीही आणला असेल. काठावर टवका होता. मातीला टवके उडायचेच. भिंतीवर हवामानाचं पितळी घड्याळ होतं. खाटेच्या पायथ्याशी लोकरीचे मोजे, एकात एक गुंडाळून. फळीवर दाढीचा ब्रश. दिवसभराच्या थकव्यानं डोकं ओळखीच्या गोष्टी जुळवत सुटतं, हे तिनं मुलांना शिकवलं होतं. ढगात चेहरे दिसतात, तसं. ती तसं मनाशी म्हणत राहिली आणि म्हणता म्हणता खुंटीवरच्या टोपीकडे गेली.

टोपी तिनं पोर्तुगालमधल्या पोर्तोहून आणली होती. वाटेत बटण तुटलं होतं. हिरवा दोरा मिळाला नाही म्हणून तिनं ते तपकिरी दोऱ्यानं शिवलं होतं, आणि गाठ आतून नीट बसली नाही म्हणून चिडून दोनदा मारली होती.

तिनं टोपी उलटी केली. तपकिरी दोरा. दोन गाठी.

मग तिला खोलीतला अंधार जाणवला. बाहेर ऊन होतं, खोलीला खिडकी होती, आणि तरी खिडकीच्या काचेतून काहीच आत येत नव्हतं. पडद्याच्या फटीतून जेवढा उजेड पडत होता, तेवढाच. खाटेपलीकडचा कोपरा दिसतच नव्हता. भिंतीवर, टेबलाच्या बरोबर वर, एक खिळा होता. त्याला काही टांगलेलं नव्हतं.

टोपी हातातून सुटली. ती परत खुंटीला लावली की नाही, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

५

"नाही सापडलं?" बाई म्हणाली.

"बसची वेळ झाली." इलिंका दारापर्यंत पोचली होती. मनात एकच होतं. इथून काही घ्यायचं नाही. काहीही नाही. रिकाम्या हातानं घरी जायचं.

"मग असंच कसं जाल? आजच्या दिवशी?" बाई उठून तिच्याजवळ आली होती. "घ्या."

समोर कुणी दोन्ही हातांनी काही धरलं की आपले हात पुढं होतात. इलिंकाचे झाले. दिवसभर झाले होते. आणि तोंडानं दिवसभर जे म्हटलं होतं, तेच म्हटलं.

"देव क्षमा करो."

तिनं खाली पाहिलं. हातात काचेचा दिवा होता. लहान, भिंतीवर टांगायचा, पाठीला पत्र्याची गोल चकती. वात पेटलेली होती.

"घेरासिमला पोचला," बाई म्हणाली. तिच्या आवाजात काम संपल्याचा सुटकेचा सूर होता.

इलिंकानं नाव सांगितलं नव्हतं.

"मला नको. परत घ्या," ती म्हणाली. "मी चुकून म्हटलं. मला म्हणायचं नव्हतं."

"सगळे चुकूनच म्हणतात, पोरी. मुद्दाम कोण म्हणेल?" बाईनं मायेनं तिच्या बाहीवरची धूळ झटकली. "आणि दिलेलं परत कसं घेऊ? एक घेतलं तर सगळंच उचलावं लागेल. त्यानं किती वर्षं लावलंय ते घर."

पडद्यामागं खुर्ची सरकली. कुणीतरी बसल्यावर जशी सरकते, तशी.

६

ती धावली नाही. पेटता दिवा हातात घेऊन धावता येत नाही. त्या दिवशी गावात सगळेच मेणबत्त्या घेऊन हिंडत होते, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. दिलेली ज्योत फुंकायची नसते, ती आपोआप विझू द्यायची असते. हे असलं काही आपण मानत नाही, असं ती रस्ताभर स्वतःला बजावत होती, आणि तरी वाऱ्यापासून ज्योतीवर हात धरून चालत होती. आपला हात काय करतोय हे तिला बसच्या दारात कळलं.

"अहो बाई, ते विझवा आधी," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या बसमध्ये कुणाला स्वर्गात जायची घाई नाही."

दोघं-तिघं हसले. इलिंकानं दिव्याकडे पाहिलं. मग एका दमात फुंकर मारली. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घड्याळात तीन वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

वाटेत तिनं घरी तीनदा फोन लावला. घेरासिम फोन कधीच वेळेवर उचलत नसे. स्तांका मावशी दफनभूमीत गेली असणार, तिनंही उचलला नाही. इलिंकानं दिवा गळपट्ट्यात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. फेकून द्यावा, असं तिला प्रत्येक थांब्यावर वाटलं. पण फेकला तर कुणीतरी उचलेल आणि पेटवेल. त्यापेक्षा विझलेला आपल्याजवळ बरा.

काच लोकरीतून हाताला लागत होती. तासाभरानंही ती गरम होती.

७

घरी पोचली तेव्हा सहा वाजायला आले होते. स्तांका मावशीच्या घराला कुलूप होतं, खिडक्या काळ्या. तिच्याही घरात दिवा लावलेला नव्हता. इलिंकानं दार उघडलं, भिंतीवर हात फिरवून बटण दाबलं. बल्ब लागला.

घेरासिम खोलीत खुर्चीवर बसला होता. जिवंत. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आलीस?" तो म्हणाला. "नीट आलीस ना?"

"नीट आले." मग तिला त्याचे पाय दिसले. घरात तो कधी पायात काही घालत नसे. आता त्यानं काळे बूट घातले होते, आईच्या अंत्ययात्रेचे, आणि नाड्या घट्ट बांधल्या होत्या. "बाबा, कुठं निघालात?"

"निघालो होतो." त्याच्या बोलण्यात भीती नव्हती. इतका मोकळा तो तिच्याशी कधी बोललाच नव्हता. "दुपारी जरा पडलो होतो. डोळा लागला. तर समोर उजेड दिसला. एक खोली. अगं, काय सांगू, सगळं होतं तिथं. तुझा मग होता. ते घड्याळ भिंतीवर. टोपी खाली पडली होती, ती उचलून लावली मी. खुर्चीत बसलो, बूट काढावेत म्हणून वाकलो, आणि भप्पकन अंधार. कुणीतरी फुंकलाच. मग काय करणार? चाचपडत चाचपडत माघारी आलो."

इलिंकानं मागचं दार लोटून घेतलं.

"छान आहे ते घर," घेरासिम म्हणाला. "मला वाटलं नव्हतं इतकं छान दिसेल. तू एकेक आणायचीस तेव्हा मला नीट सांगता यायचं नाही. तिथं एकत्र बघितलं तेव्हा कळलं. या पोरीला सगळं बरोबर कळत होतं, म्हटलं."

इतकी वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. तिनं गळपट्टा छातीशी घट्ट धरला.

"दिवा लाव की," तो म्हणाला.

"लावलाय बाबा."

तो मान वर करून बल्बच्या दिशेनं पाहत राहिला. डोळे बारीक केले. बल्ब त्याच्या डोक्यावर लख्ख पेटला होता. "नाही दिसत," तो म्हणाला. "हा नव्हे. तू आणलाहेस तो."

"मी काही आणलं नाही."

"इलिंका." तिच्या नावानं तो क्वचितच हाक मारायचा. "आजवर मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

"नाही."

"मग?"

शेगडीवरच्या फळीवर काडेपेटी होती. ती तिला दिसत होती. कपड्याआडून काचेची ऊब तिच्या फासळ्यांना लागत होती. शाळा, पुस्तकं, त्या एकवीस मुलांना सांगितलेलं सगळं तिनं एका क्षणात आठवून पाहिलं. त्यातलं काहीच या खोलीत उपयोगाचं नव्हतं. ती फळीपर्यंत गेली, काडेपेटी उचलली आणि मुठीत धरली. मूठ पाठीमागं नेली.

"काडी नाही बाबा," ती म्हणाली. "संपल्यात. उद्या आणू."

घेरासिम हसला. ती लहानपणी खोटं बोलायची तेव्हा हसायचा, तसा.

"बरं," तो म्हणाला. "असू दे. दमली असशील. मला घाई नाही, बसतो मी."

त्यानं पाय लांब केले. उजवा हात हवेत वर नेला, बोटं कशाभोवती तरी वळलेली. हात ओठांशी गेला. एक घोट घेतला. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. मग हात बाजूला नेऊन त्यानं तो हळूच खाली टेकवला.

टक-टक.

खुर्चीशेजारी टेबल नव्हतं.